लॉक लावून देताना

काउंटर आता तू सांभाळणार. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगचा जॅक काढून बसवणं ही कामं तुझ्या हाताला माझ्यापेक्षा लवकर येतील. पण नवा फोन घेतलेलं गिऱ्हाईक जाता जाता म्हणतं, "लॉक तेवढं लावून द्या," आणि पोरं ते काम अर्ध्या मिनिटात उरकून टाकतात. तिथे मला तुझ्याकडून सबुरी हवी. काच फुटली तर नवी बसते. लॉक चुकीचं लागलं तर माणसाचे पैसे जातात, नाहीतर नातवंडांचे सगळे फोटो जातात, आणि दोन्हींत आपल्या हातात काही उरत नाही.

समोर दोन तऱ्हेची माणसं येतील. एक म्हणेल, "लॉक नको बाबा, मला जमत नाही ते." दुसरा बोट, चेहरा, पॅटर्न, वर प्रत्येक ॲपला वेगळं लॉक असं सगळं लावून घेईल आणि आठवड्याने परत येईल, "काढून टाक सगळं, वैताग आलाय." दोघांचेही फोन शेवटी उघडेच राहतात. म्हणून आधी माणसाकडे बघ. हात कसे आहेत, काम काय करतो, फोन घरात कोण कोण हाताळतं, त्यात बँक आहे का. एवढं विचारल्याशिवाय सेटिंग उघडू नकोस.

माझं एक सांगणं मात्र सगळ्यांना लागू आहे. बोट सोयीसाठी लावायचं आणि त्या सोयीच्या जिवावर पिन अवघड ठेवायचा. गिऱ्हाइकाला वाटतं की बोट लावलं म्हणजे पिनची गरज संपली. तसं नसतं. बोट ही दिवसभराची कडी आहे, कुलूप पिनचंच असतं. फोन बंद करून चालू केला की तो पिनच मागतो, कारण आतला सगळा डेटा त्या पिनशी बांधून कुलूपबंद केलेला असतो. बोट काही वेळा चुकलं की पिन. अँड्रॉइडमध्ये तीन दिवसांतून एकदा तरी पिन, आयफोन दोन दिवस उघडला नाही तरी पिन. आणि ज्याला पिन ठाऊक आहे तो सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं बोटही नोंदवू शकतो. तेव्हा खरी मालकी पिनवाल्याची.

बोटामुळे लॉक ढिलं होतं असं काही जण तुला सांगतील. त्यांना आयफोनची गोष्ट सांग. 2013 साली ॲपलने आयफोन 5 एस काढला आणि त्यात बोटाचा सेन्सर दिला, तेव्हा कंपनीनेच मंचावरून सांगितलं होतं की जवळपास निम्मे लोक फोनला कसलंच लॉक लावत नाहीत. दर वेळी चार आकडे दाबायचा कंटाळा, दुसरं काही नाही. बोट आल्यावर तो कंटाळा गेला, आणि दोनच वर्षांनी, 2015 मध्ये, ॲपलने चार आकड्यांऐवजी सहा आकड्यांचा पिन हाच नेहमीचा केला. पिन दिवसातून एखाद्या वेळीच दाबायचा असेल तर तो लांब असला तरी कुणाला जड जात नाही.

बोटालाही फसवता येतं, हे खरं आहे. तो सेन्सर बाजारात आला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या लोकांनी काचेवर उमटलेल्या ठशाचा फोटो काढून, त्यावरून नकली बोट बनवून फोन उघडून दाखवला. पण त्याला चांगला ठसा, साहित्य, वेळ आणि हातात फोन हे सगळं लागतं. एसटी स्टँडवर खिसा कापणारा एवढ्या भानगडीत पडत नाही. तो मागे उभा राहून तुझा पिन बघतो.

आता पिनबद्दल. चार आकड्यांचे दहा हजार पिन होतात, सहा आकड्यांचे दहा लाख. ऐकायला केवढा फरक, पण लोक सहा आकड्यांत 123456 किंवा 111111 टाकतात. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये हेच तपासलं. लोकांनी आपल्या मनाने निवडलेले सहा आकडे चार आकड्यांपेक्षा फारसे भारी ठरले नाहीत, कारण चुकीचे पिन पडू लागले की फोन स्वतःच थांबायला लावतो, म्हणजे चोराला पहिले थोडेच अंदाज मारता येतात आणि ते थोडे अंदाज सगळ्यांना ठाऊक असतात. 2580 हा त्यातलाच. कीपॅडवर मधली ओळ वरून खाली सरळ ओढली की झाला. 159753 म्हणजे दोन तिरक्या रेघांची फुली.

आपल्याकडे लोक काय टाकतात तेही ऐकून ठेव. पोराची जन्मतारीख, गाडीचा नंबर, मोबाईलचे शेवटचे आकडे, लग्नाची तारीख, शेताचा गट नंबर. जन्मतारीख आधार कार्डावर असते आणि त्या आधारची झेरॉक्स फोनच्याच कव्हरात असते! गट नंबर चोराला कळणार नाही, पण भाऊबंदांना तोंडपाठ असतो, आणि घरातले पैशाचे तंटे बहुधा जवळच्याच माणसाशी होतात. म्हणून गिऱ्हाइकाला सांग, एकमेकांशी संबंध नसलेले तीन-तीन आकडे जोड. हॉस्टेलच्या खोलीचा नंबर आणि कधीकाळी रोज पकडायची ती बस, असं काही. कुठले घेतले ते तुला सांगायचं नाही. तू पिन कधीही सुचवू नकोस. नाहीतर गावभर तुझ्याच आवडीचे पिन होतील.

फोनचा पिन, एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन हे तिन्ही वेगळे. यात तडजोड नाही. फोनचा पिन चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात चारचौघांत दाबला जातो, तो कुणी ना कुणी बघतोच. 2023 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने अमेरिकेतल्या चोऱ्यांचा छडा लावला होता. बारमध्ये चोर आधी बाजूला उभं राहून आयफोनचा पिन बघायचे, मग फोन पळवायचे आणि काही मिनिटांत मालकाच्या ॲपल खात्याचाच पासवर्ड बदलून त्याला बाहेर काढायचे. पुढच्या जानेवारीत ॲपलने त्यावर इलाज आणला. तो चालू असेल तर ओळखीच्या जागेबाहेर पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोट लागतं, मग तासभर थांबावं लागतं आणि पुन्हा चेहरा किंवा बोट. आयफोनवाला आला की "स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन" चालू आहे का ते त्याच्याच हाताने बघायला लाव.

म्हाताऱ्या माणसाला पिन विसरायची भीती असते, आणि ती खरी असते. त्यांना "लिहू नका" असं सांगून काही उपयोग नाही, ते लिहितातच. कुठे लिहायचं तेवढं सांग. फोनच्या पारदर्शक कव्हरात दहाच्या नोटेमागे घडी घालून ठेवलेली चिठ्ठी काढायला लाव. घरी पासबुकाच्या पिशवीत, जुन्या वहीच्या एखाद्या पानावर, वर "मोबाईल" असं न लिहिता नुसते आकडे. पिन खरंच हरवला तर फॉरमॅट मारण्यावाचून मार्ग नसतो, आणि फॉरमॅट मारला तरी 2015 नंतरच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीचं गूगल खातं मागतात. तेव्हा लॉक लावतानाच त्यांना त्यांचं गूगल खातं आठवतंय का ते विचार, आणि फोटोंचा बॅकअप चालू आहे का ते बघ.

आता बोट, आणि इथे मात्र घाई करू नकोस. आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना पक्कं वाटत असतं की त्यांचं बोट लागणारच नाही. गवंडी, ऊसतोडीवाले, चार घरची भांडी घासणाऱ्या बाया. रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून त्यांना कितीदा परत फिरावं लागलेलं असतं, आणि त्यामुळे स्वतःच्याच हाताविषयी त्यांच्या मनात एक अढी बसलेली असते. ती अढी तुझ्या काउंटरवर सुटली पाहिजे. सिमेंटमध्ये राबलेल्या हाताचा अंगठा आणि तर्जनी झिजतात, पण डाव्या हाताची मधली किंवा अनामिका बऱ्याचदा शाबूत असते. हात उजेडात धरून बघ, रेघा कुठे दिसतात ते. सेन्सर बाजूच्या बटणात असेल तर डाव्या हाताचं बोट तिथे सहज पोचतं.

बोट नोंदवताना फोन काउंटरवर आडवा ठेवायचा नाही. माणूस फोन जसा धरतो तसा हातात धरू दे आणि मग नोंदव. काउंटरवर बोट सपाट टेकतं, रस्त्यात ते तिरकं टेकतं, आणि मग "तुमच्या दुकानात लागलं, घरी लागत नाही" ही तक्रार येते. फोन कडा मागतो तेव्हा बोट खरोखर डावी-उजवीकडे कलवायला सांग. एकच बोट दोनदा नोंदव, एकदा कोरडं आणि एकदा हात धुऊन पुसल्यावर. थंडीत चामडी सुकली की बटणातला सेन्सर अडतो, कारण तो बोटाच्या रेघा आणि खाचा यांतला विजेच्या भाराचा बारीक फरक वाचतो. तळहातावर बोट दोनदा घासलं तरी काम होतं. दुसऱ्या हाताचंही एक बोट नोंदवून ठेव. हाताला पट्टी बांधली, मेंदी लागली, कणकेत हात असला की तेच उपयोगी पडतं.

टेम्पर्ड ग्लासचं नीट ऐक, कारण तिथे नुकसान आपल्या हातून होऊ शकतं. सेन्सर डिस्प्लेखाली असेल तर काच बदलल्यावर सगळी बोटं काढून पुन्हा नोंदव. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 10 ची बातमी आली होती. काही सिलिकॉनची कव्हरं स्क्रीनवर लावली की कुणाच्याही बोटाने फोन उघडायचा, कारण सेन्सर बोटाऐवजी त्या कव्हरावरचीच नक्षी वाचत होता. कंपनीला घाईने दुरुस्तीचं अपडेट पाठवावं लागलं. तेव्हा काच बसवलीस की शेवटी तुझं स्वतःचं बोट लावून बघ, आणि ते लागलं नाही पाहिजे.

मग बोटांची यादी उघडून विचार, यातलं कुठलं कुणाचं? नवऱ्याचं एक, पोराचं एक, दुसरा फोन बिघडला होता तेव्हा मेहुण्याचं एक. बँकेच्या ॲपला बोट कुणाचं ते कळत नाही, फोनने होकार दिला की ते उघडतं. ऑक्टोबर 2025 मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने यूपीआयलाही पिनऐवजी बोट किंवा चेहरा चालण्याची सोय जाहीर केली. आता फोनमधलं प्रत्येक बोट म्हणजे पैशाची सही समज. पोराला गेम खेळायला फोन द्यायचा असेल तर त्याचं बोट नोंदवायची गरज नाही. एकच ॲप स्क्रीनवर अडकवून ठेवायची सोय अँड्रॉइडमध्येही आहे आणि आयफोनमध्येही. ती दाखवून दे.

कधी एखादी बाई किंवा हॉस्टेलमधली मुलगी हळूच विचारेल, झोपेत कुणी माझं बोट लावून फोन उघडला तर? कारण विचारू नकोस. तिच्या फोनला नुसता पिन ठेव, किंवा बोट ठेवून लॉकडाऊन शिकव. अँड्रॉइडच्या पॉवर मेनूत तो पर्याय असतो, काही फोनमध्ये तो आधी सेटिंगमधून चालू करावा लागतो. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरायचं. एकदा केलं की पुढच्या वेळी पिन टाकल्याशिवाय बोट आणि चेहरा दोन्ही चालत नाहीत. दोन-तीनदा तिच्याकडूनच करवून घे, आणि तिच्या मागे कुणी उभं नाही ना ते बघ.

चेहऱ्याच्या लॉकबद्दल थोडंच. 2017 च्या आयफोन टेनपासून चेहऱ्याचं लॉक असलेला आयफोन डोळ्यांना न दिसणारे तीस हजारांवर ठिपके चेहऱ्यावर टाकून त्याचा उंच-सखलपणा मोजतो. परक्या चेहऱ्याने फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक, असं ॲपलचं सांगणं आहे, पण जुळी भावंडं आणि लहान मुलं यांत ती वाढते हेही तेच सांगतात. आपल्या काउंटरवरच्या स्वस्त अँड्रॉइडमध्ये यातलं काही नसतं. पुढचा कॅमेरा नुसता फोटो काढून ताडून बघतो. मिळत्याजुळत्या माणसाने किंवा फोटोने फोन उघडू शकतो अशी सूचना बहुधा सेटिंगमध्येच लिहिलेली असते, ती वाचून दाखव. महागड्या फोनचीही चूक होते. गूगलचा पिक्सेल 4 हा 2019 मध्ये आला तेव्हा मालकाचे डोळे मिटलेले असले तरी उघडायचा, ते सुधारायला 2020 चा एप्रिल उजाडला. माझं मत विचारशील तर ज्या फोनमध्ये बँक आहे आणि बाजूच्या बटणात बोटाचा सेन्सर आहे, तिथे स्वस्त फेस लॉक लावूच नये.

पॅटर्न मला आवडत नाही, पण जिला आकड्यांची धास्ती वाटते त्या आजीला तोच जमतो, मग तिला पॅटर्नच दे. नऊ ठिपक्यांतून तीन लाख 89 हजार 112 नक्ष्या होतात, पण लोक डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात आणि एल नाहीतर झेड काढतात. फोन उजेडात तिरका धर, बोटाच्या तेलकट रेघेत पॅटर्न दिसतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे फोटो काढून दाखवलं होतं. 2017 मध्ये अमेरिकेतच आणखी एक पाहणी झाली. सहा ठिपक्यांचा पॅटर्न एकदाच बघून सुमारे 64 टक्के लोकांना तो काढता आला, सहा आकड्यांचा पिन मात्र सुमारे 11 टक्क्यांनाच. बोटामागे उमटणारी रेघ बंद केल्यावर पॅटर्नचा आकडा 35 टक्क्यांवर आला. म्हणून पॅटर्न लावलास की "पॅटर्न दिसू द्या" ते बंद कर, सुरुवात मधून कुठूनतरी करायला लाव, आणि निदान सहा-सात ठिपके.

फोन लॉक असतानाही दोन दारं उघडी राहतात. एक म्हणजे स्क्रीनवर दिसणारा मेसेज. ओटीपी जर लॉक स्क्रीनवरच वाचता आला तर आतल्या पिनला काय अर्थ? नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये मजकूर लपव, नाव दिसलं तरी पुरे. दुसरं दार सिमचं. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि सगळे ओटीपी तिकडे घेतो. सिमला पिन लावता येतो. आधीचा पिन कंपनीने ठरवलेला असतो. तो कस्टमर केअरकडून विचारून घे, अंदाजाने टाकू नकोस. तीनदा चुकला की सिम पीयूके हा सुटकेचा कोड मागतं, तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद. सिमचा पिन सगळ्यांना मात्र लावू नकोस. ज्याच्या नंबरावर पैशाचे व्यवहार आहेत आणि जो आकडे लक्षात ठेवतो त्याला लाव. शेतात एकटे राहणाऱ्या आजोबांना नको. रात्री फोन आपोआप बंद होऊन चालू झाला तर तो सिमचा पिन मागत बसेल आणि सकाळी पोराचा फोन लागणार नाही. ते संकट चोरीपेक्षा मोठं. त्यांच्या फोनवर आणीबाणीची माहिती भर. रक्तगट, औषधं, मुलाचा नंबर. लॉक न उघडता तीही दिसते आणि 112 लाही फोन लागतो. लॉक स्क्रीनवर मुलाचा नंबर लिहून ठेवलास तर हरवलेला फोन परत यायची शक्यताही वाढते.

"घरी असलो की लॉक नको" अशी सोयही अँड्रॉइडमध्ये आहे. ती लावताना घर कसं आहे ते विचार. ओळखीची जागा म्हणून फोन जे वर्तुळ धरतो ते 80 मीटरपर्यंत जाऊ शकतं. मळ्यातल्या घराला ठीक, चाळीत किंवा फ्लॅटमध्ये त्यात शेजारचे सगळे येतात.

आता आपल्या धंद्याचं. दुरुस्तीला आलेल्या फोनच्या मागे पट्टी चिकटवून तिच्यावर पिन लिहायची रीत बऱ्याच दुकानांत आहे. पावतीवरही लिहितात. मला ती अजिबात मान्य नाही. ती पट्टी कारागीर बघतो, पार्सल नेणारा बघतो, काउंटरवरचं दुसरं गिऱ्हाईकही बघतं. डिस्प्ले बदलल्यावर टच तपासायला पिन लागतच नाही, आणीबाणीच्या कॉलचा कीपॅड उघडून सगळे कोपरे दाबून बघता येतात. आत जाणं गरजेचंच असेल तर गिऱ्हाइकाला थांबव आणि त्यालाच उघडू दे. सॅमसंगच्या फोनमध्ये 2022 पासून मेंटेनन्स मोड येऊ लागला आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो. तो चालू केला की फोन चालतो, पण मालकाचे फोटो, मेसेज काही दिसत नाहीत. हे मोड आहेत हे गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं, तू सांग.

"लॉक तोडून मिळेल" अशी पाटी दुकानावर लावू नकोस. कुणी लॉक झालेला फोन घेऊन आला तर बिल आणि ओळखपत्र मागायचं, आणि संचार साथीच्या पोर्टलवर आयएमईआय टाकून बघायचं. बिल नाही तर काम नाही, मग तो ओळखीचा असला तरी. ज्याचा फोन चोरीला गेला आहे त्याला याच पोर्टलवर तो ब्लॉक करायला मदत कर आणि पैसे गेले असतील तर आधी 1930 ला फोन लावायला सांग. फोन ब्लॉक करायला खोक्यावरचा आयएमईआय हाताशी असावा लागतो. नवा फोन विकलास की *#06# दाबून आलेला नंबर बिलावर मोठ्या अक्षरांत लिहून देत जा.

आणि फोन हातात देण्याआधी तो गिऱ्हाइकासमोर एकदा बंद करून चालू कर. पिन त्यांनाच टाकू दे, तू तोंड फिरव. मग दोन्ही हातांनी बोट लावायला सांग, एकदा उभं राहून, एकदा पिशवी हातात धरून. तिथे अडलं तर बोट काढून पुन्हा नोंदव, रांग लागलेली असली तरी. सगळं सुरळीत झालं की मग बिल कर.